सुलोची जागा

१

ओहोटी लागली की तौनो लाहटी आपल्या जागेवर हजर, हा गेल्या चाळीस वर्षांचा शिरस्ता. ऑक्टोबरात कोहो मासे समुद्रातून ऑल्डर नदीत चढायला लागले की पुलाखालच्या सरळ पट्ट्यात होड्यांची आडवी रांग लागते. आठ-नऊ होड्या, शेजारी शेजारी, सगळ्यांचे नांगर वरच्या अंगाला टाकलेले. गळाशी पितळी चमचा बांधून मागे सोडायचा आणि बसायचं. ओहोटीचं पाणी चमच्याला नाचवतं, आणि वर चढणारा कोहो, भूक नसली तरी, चिडून त्याला तोंड घालतो. माणसाने फक्त गप्प बसायचं असतं, पण रांगेतल्या निम्म्या लोकांना तेवढंच जमत नाही.

या रांगेचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण मोडायची कुणाची छाती नाही. मासा लागला की ओरडायचं, "लागला!" बाकीच्यांनी लगेच आपापले दोरे गुंडाळून वाट द्यायची. ज्याला लागला त्याने नांगराचा दोर बोयासकट, म्हणजे खुणेच्या तरंगत्या गोळ्यासकट, पाण्यात सोडून द्यायचा आणि माशामागे प्रवाहाबरोबर खाली जायचं, नाहीतर दहा दोऱ्यांचा गुंता ठरलेला. मासा होडीत घेतला की मोटर लावून परत यायचं आणि आपला बोया धरायचा. तोवर ती जागा त्याची. आणि अर्ध्या तासात तो परत आला नाही तर शेजाऱ्याने आपला गळ गुंडाळून बघायला जायचं.

यंदा तौनोच्या डाव्या हाताची जागा रिकामी होती. तिथे नुसता एक नारिंगी बोया डुलत होता, त्याच्यावर काळ्या रंगात सुलोचं नाव. सुलो हा तौनोचा धाकटा भाऊ. गेल्या ऑक्टोबरात त्याला मासा लागला, त्याने बोया सोडला, जाताना ओरडला, "दादा, जागा राख," आणि वळणाआड गेला तो गेलाच. हिवाळ्याच्या पुराआधी तौनोने त्याचा नांगर काढून घरी नेला होता, आणि यंदा हंगाम लागल्याबरोबर पुन्हा होता तिथे आणून टाकला. राखतो म्हणालो होतो ना, एवढंच तो म्हणायचा. पहिलं वर्ष म्हणून कुणी काही बोललं नाही.

मंगळवारी सकाळी आठच्या सुमाराला त्याला पहिल्यांदा वल्ह्यांचा आवाज आला.

२

आवाज अगदी साधा. कर्र, मग टक्, मग पाणी ठिबकल्याचं. थोडं थांबून पुन्हा कर्र, टक्. खालच्या वळणापलीकडून येत होता.

तौनोला आधी हसूच आलं. ओहोटीच्या तोंडावर, मोटर न लावता, वल्ही मारत वर चढणारा माणूस म्हणजे एक तर शहरातला पाहुणा किंवा डोक्याने अधू. त्याने उजवीकडच्या होडीतल्या आर्मसला खूण केली. म्हातारा आर्मस सत्याहत्तरचा, कानात यंत्र घालणारा. त्याने मान हलवली, म्हणजे ऐकू आलं असंही असेल आणि नाही असंही.

होडी काही आली नाही. आवाज मात्र दोन-तीन तास तिथेच होता, पुढे सरकेना की मागे हटेना. मग ओहोटी सरली, पाणी थबकलं, आणि आवाजही थांबला. तेव्हा तौनोचा जीव भांड्यात पडला. कुणी खरंच वल्हवत असतं तर पाणी थबकल्यावर झरझर वर आलं नसतं का? म्हणजे प्रवाहात अडकलेली फांदी काठच्या एखाद्या खांबाला घासत असणार. फांदीच. त्याने चमचा वर घेतला, त्याच्यावर चिकटलेलं शेवाळ पुसलं आणि पुन्हा सोडला.

पण फांदीला ठिबकायचं कारण नव्हतं. आणि तो कर्र आवाज दोन बाजूंचा नव्हता, एकाच बाजूचा होता, डाव्या. सुलोच्या होडीची वल्हं अडकवायची डावी कडी कायम कोरडी असायची. तौनोने दहा वर्षं त्याला सांगितलं होतं, अरे आळशी माणसा, तेलाचा एक थेंब घाल.

आता गेल्या वर्षीचं सांगायलाच हवं. सुलो गेला पावणेनऊला. सव्वानऊ वाजले तेव्हा शेजारी म्हणून उठायचं काम तौनोचं होतं. त्याने घड्याळ बघितलंही. पण त्या दिवशी मासे नुसते पिसाळले होते, एकामागून एक झटके बसत होते, आणि त्याने मनात म्हटलं, पाच मिनिटं. तेवढ्यात एक लहानसा कोहो लागला. जागेवरच ओढता आला, खाली जावं लागलं नाही. होडीत घेऊन बघतो तर पाठीवरचा बारका पर शाबूत. पर शाबूत म्हणजे नदीचा अस्सल मासा, तो सोडून द्यावा लागतो. उबवणी केंद्रात वाढवलेल्या माशांचा पर पिल्लू असतानाच कापलेला असतो, तेवढेच घरी नेता येतात. तौनोने तो सोडला आणि पुन्हा चमचा टाकला. आर्मसने हाक मारली, सुलो कुठाय रे, तेव्हा दहा वाजून गेले होते.

सुलोची होडी दुपारी वळणाच्या पलीकडे चिखलात सापडली. मोटरच्या पंख्याची पिन तुटलेली. वल्ही नव्हती, सुलो नव्हता. म्हणजे मोटर बंद पडल्यावर तो वल्हवत परत यायला बघत होता, हे कुणालाही कळण्यासारखं होतं. तौनो वेळेवर गेला असता तर दोर टाकून पाच मिनिटांत त्याला ओढत आणता आलं असतं. सुलोच्या बायकोला, हेल्वीला, त्याने सांगितलं की अर्धा तास झाला तसा मी निघालो. आर्मस तिथेच उभा होता. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि तौनोला खोटं पाडलं नाही.

३

मंगळवारी दुपारी तौनो घरामागच्या शेडमध्ये गेला. सुलोची होडी तिथे गाड्यावर, ताडपत्रीखाली होती. वर्षभर कुणी हात लावला नव्हता. लावायची हिंमत झाली नव्हती, म्हटलं तरी चालेल.

शेडमध्ये जुन्या पेट्रोलचा आणि ओल्या दोराचा वास कोंडलेला. पत्र्याच्या फटीतून उजेडाची एक पट्टी ताडपत्रीवर पडली होती. तौनो बराच वेळ दाराशीच घुटमळला. सहासष्ट वर्षांचा माणूस, नदीत दोनदा बुडता बुडता वाचलेला, आणि एका ताडपत्रीला भितोय, असं त्याने स्वतःलाच सुनावलं आणि ती ओढली.

आत कोळ्यांची जाळी होती. बसायच्या फळीवर बुरशी होती. सुलोच्या चमच्यांचा डबा होता, त्यांच्यावर मासा चिडावा म्हणून दिलेले हेल्वीच्या नेलपॉलिशचे लाल ठिपके. सगळं जसंच्या तसं. मग त्याची नजर कड्यांवर गेली, वल्ही अडकवायच्या त्या लोखंडी कड्या. बाकीचा सगळा लोखंडी भाग गंजून तांबडा झाला होता. या दोन कड्या मात्र आतून घासून घासून लखलखीत झाल्या होत्या.

त्याने डाव्या कडीला बोट लावलं. ती गरम होती.

तौनोने हात मागे घेतला. पत्र्यावर ऊन पडतं, शेड तापते, असं तो मोठ्याने म्हणाला. आठवडाभर ऊन पडलेलं नव्हतं. ताडपत्री तशीच अर्धवट टाकून तो घरात आला आणि सगळे दिवे लावले, भर दुपारी.

४

बुधवारी तो नदीवर गेलाच नाही. हेल्वीने बोलावलं होतं. तिचं सामान खोक्यांत भरून झालं होतं, शनिवारी ती स्पोकेनला बहिणीकडे कायमची निघणार होती. स्वयंपाकघरात दोन खुर्च्या आणि कॉफीचं भांडं एवढंच उरलं होतं. तिने वेलदोड्याचा गोड पाव कापला, त्याच्यापुढे सरकवला आणि स्वतः न खाता बसून राहिली.

ती म्हणाली की डेल येऊन गेला. डेल म्हणजे टकोमाहून निवृत्त होऊन आलेला नवा गडी, रांगेच्या अगदी टोकाला, जिथे मासा फिरकत नाही तिथे बिचारा निमूट बसायचा. त्याने फार अदबीने विचारलं होतं की सुलोची जागा कुणाला द्यायची असेल तर मला मिळेल का. हेल्वीने हो म्हटलं होतं.

"तुम्ही बोया काढा, भावोजी," ती म्हणाली. "मी जायच्या आत काढा. तो तिथे आहे तोवर मला इथून पाय काढवत नाही."

तौनो म्हणाला, बघू.

"बघू नका. काढा." मग तिने दोन्ही दंड आळीपाळीने चोळले. "तुम्हाला म्हणून सांगते. ओहोटी लागली की माझे हात भरून येतात. इथून, खांद्यापासून. डॉक्टर म्हणतो वयाचं आहे. वयाचं दुखणं असं घड्याळ लावून येतं का हो? मी तर आता भरती-ओहोटीचं वेळापत्रकही बघत नाही. हात दुखायला लागले की समजते."

तिला खरं सांगून टाकावं असं तौनोच्या अगदी ओठांवर आलं होतं. सव्वानऊ वाजले होते, मी घड्याळ बघितलं होतं. त्याने पावाचा तुकडा तोंडात घातला आणि तो चघळत बसला. उद्या काढतो, असं त्याने कबूल केलं, आणि हेल्वीने त्याच्या हातावर हात ठेवला. मग तो काढून घेऊन ती पुन्हा दंड चोळायला लागली. घड्याळात साडेनऊ वाजत होते, म्हणजे बाहेर ओहोटी भरात होती.

५

गुरुवारी तो खरंच काढायच्या तयारीने गेला. पहिल्याने आपला नांगर टाकला, म्हटलं तासभर गळ टाकू, मग काढू. माणूस नको असलेलं काम असंच पुढे ढकलतो.

दहाच्या पुढे कर्र, टक् सुरू झालं. आज ते वळणापलीकडे नव्हतं, वळणाच्या अलीकडे होतं. तौनोने मागे वळून बघितलं. नदी रिकामी, पाणी चहासारखं तांबूस, दोन्ही काठांना चिखल उघडा पडत चाललेला. आणि मग त्याला पाण्यावर दोन भोवरे दिसले.

वल्हं पाण्यातून उचललं की मागे वाटीएवढा भोवरा उरतो. दोन वल्ही, दोन भोवरे. ते दोन फिरत फिरत खाली वाहत गेले, आणि त्यांच्या हातभर वर नवे दोन उमटले. मग आणखी दोन. मध्ये होडी नव्हती, काहीच नव्हतं. भोवऱ्यांच्या जोड्या मात्र एकीपुढे एक, सावकाश, नारिंगी बोयाच्या रोखाने वर येत होत्या.

पाणमांजर असेल, असं त्याच्या मनात आलं. पाणमांजरांची जोडी. पण त्याने डोकं वर केलं तेव्हा रांगेतला प्रत्येक माणूस आपला दोरा गुंडाळत होता. कुणी ओरडलं नव्हतं, कुणाला मासा लागला नव्हता. आर्मस गुंडाळत होता, डेलही गुंडाळत होता, आणि सगळ्यांच्या नजरा आपापल्या पायांकडे. एका माणसाला जागेवर यायला जेवढी वाट लागते तेवढी त्यांनी करून दिली होती.

भोवरे बोयापासून वीसेक हातांवर आले आणि तिथे अडले. वल्ह्यांचा आवाज भराभर यायला लागला, कर्र टक्, कर्र टक्, आणि त्याच्यामधून आणखी एक आवाज, धाप लागलेल्या माणसाच्या श्वासाचा. ओहोटीचा जोर वाढत होता. भोवऱ्यांची जोडी एक हात मागे सरली. मग दोन हात. मग वाहत वाहत वळणाआड गेली.

बराच वेळ कुणी गळ टाकला नाही. शेवटी आर्मस अगदी हळू म्हणाला, "हेल्वी म्हणत होती, तू आज बोया काढणार होतास ना?"

"उद्या," तौनो म्हणाला.

"मला नाही बघवत रे आता. मंगळवारपासून बघतोय."

तौनोने बोयाकडे बघितलं. काढायला हात उचलत नव्हता, आणि त्याचं कारण भीती नव्हतं, हे त्याचं त्यालाच आता कळलं. वीस हातांवर आला होता. उद्या कदाचित पोहोचेल. आणि तो पोहोचेपर्यंत मी जागाच काढून टाकायची? राखतो म्हणून सांगितलेली?

६

शुक्रवारी धुकं इतकं उतरलं होतं की शेजारची होडी दिसत नव्हती, नुसता आर्मसचा खोकला ऐकू येत होता. अकराला ओहोटी भरात आली. कर्र, टक्. आज पुन्हा वळणाच्या पलीकडून. काल जेवढं चढला होता तेवढं सगळं पाण्याने मागे नेलं होतं, आणि आज पुन्हा पहिल्यापासून.

तौनोने घड्याळ बघितलं. मग गळ गुंडाळला, नांगराचा दोर बोयासकट पाण्यात सोडला आणि मोटर न लावता प्रवाहाबरोबर खाली निघाला. गेल्या वर्षी निघायला हवं होतं तसाच. आर्मसने धुक्यातून विचारलं, मासा लागला का. तौनो म्हणाला, नाही, बघून येतो.

पूल मागे पडला. काठ दिसेनासे झाले. आवाज समोरून जवळ येत गेला. मागे फिरावं असं त्याला दर वल्ह्यागणिक वाटलं. तो फिरला नाही, एवढंच त्याच्या बाजूने सांगता येईल.

मग धुक्यात एक पाठ दिसली. वल्हवणारा माणूस जायच्या दिशेला पाठ करून बसतो, त्यामुळे पाठच दिसायची. चौकड्यांचा लोकरी कोट, ओला होऊन काळा पडलेला. खांदे पुढे वाकत होते, मागे येत होते, पुन्हा वाकत होते. कमरेखाली धुकं होतं. तिथे होडी होती का पाणी, ते तौनोने बघितलं नाही. मानेवरचे केस लांब वाढले होते आणि त्यांतून पाणी गळत होतं.

"दादा?" पाठ न वळवता आवाज आला. दमलेला, पण सुलोचाच. "तूच ना रे?"

तौनो हो म्हणाला. निदान त्याला वाटलं की म्हणाला.

"थांबता येत नाही. थांबलो की मागे जातो. जागा आहे ना माझी?"

तौनोच्या पायाशी दोराचं वेटोळं होतं. त्याने ते उचललं, वर्षभर रोज मनात उचलत होता तसं, आणि जीव खाऊन फेकलं. दोर त्या खांद्यांवर पडला आणि मधून खाली पाण्यात गेला. वल्ही चालूच राहिली.

"टाकू नकोस दोर," सुलो म्हणाला. "हात मोकळे नाहीत. होईल माझं. काल वीस हात राहिलं होतं. जागा तेवढी राख."

दोन्ही होड्या, म्हणजे एक होडी आणि ते दुसरं जे काय होतं ते, प्रवाहात शेजारी शेजारी आली. तौनोला त्याचे हात दिसले. वल्ह्यांच्या मुठींवर आवळलेली बोटं दिसली, आणि तळव्यांवर जिथे कातडी असायला हवी तिथलंही दिसलं. आपण हो म्हटलं तर हा उद्याही येणार. परवाही, पुढच्या ऑक्टोबरातही. आणि हो तर तो वर्षभर म्हणतच होता, तोंडाने नाही, त्या नारिंगी बोयाने.

"जागा नाही, सुलो," तो म्हणाला. "नाही राहिली. दिली दुसऱ्याला."

कर्र झालं, टक् झालं नाही. वल्ही हवेत थांबली, पाणी ठिबकत राहिलं.

"केव्हा?"

"गेल्या वर्षीच. तू गेलास त्याच दिवशी. उगाच तुझं नाव लिहून ठेवलंय तिथे."

खांदे हळूहळू खाली आले. इतके खाली की कोट मोठा वाटायला लागला. सुलोने एक वल्हं आत घेतलं, मग दुसरं, नीट, घरी आल्यासारखं शेजारी शेजारी ठेवून दिलं. प्रवाहाने त्याला लगेच धरलं आणि तो मागे सरकायला लागला, समुद्राकडे. त्याचं तोंड आधीपासून तिकडेच होतं.

"मग सांगायचं नाही का रे, दादा," तो म्हणाला. त्यात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "वर्ष झालं, मी आपला वल्हवतोय."

तौनोने बघितलं तोवर पुढे नुसतं धुकं होतं आणि ओहोटीचं पाणी वाहत होतं.